लेकीचा अभ्यासक्रम आखताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी ह्या दिवशी मला पेरूच्या जेलीवर नाही तर कुरडयांच्या चिकावर चार शब्द बोलायला उभे करतात. राहात्यात राहून पेरूवर बोलायला कुणाची ना नसते. ह्या वर्षी मात्र चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या कॉलेजातल्या त्या क्रेडिटांचे काय ते सांगा. आमच्या घरात कुणाला काही कळत नाही, आणि मुली फॉर्म भरून मोकळ्या होतात." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली, मी काय सांगणार?" त्या म्हणाल्या, "त्यापायी तुमच्या घरी किती भांडणे झाली हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. तेच सांगा." तेव्हा तेच सांगते.

आमची थोरली मुलगी कला शाखेत शिकते. बारावी झाल्यापासून तिच्या मनात एकच होते : ज्यांच्या घरी इंग्रजी नाही अशांना इंग्रजी शिकवायचे. नुसते 'इंग्रजी शिकवायचे' म्हणाली असती तर आम्ही मान डोलावून गप्प बसलो असतो. पण ती पहिले शब्द कधी गाळत नसे. तिचे म्हणणे असे, की इंग्रजाच्या घरातल्या मुलाला इंग्रजी शिकवणे आणि आपल्या उसाच्या बांधावरच्या मुलाला इंग्रजी शिकवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्याच्या कानात ती भाषा आधीच भरलेली असते. दुसऱ्याच्या कानात दुसरीच भाषा भरलेली असते. अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांत हे शास्त्र स्वतंत्रपणे शिकवतात आणि पदवीला दुय्यम विषय म्हणूनही ते घेता येते. आपल्या देशातही हे नवे नाही. अशा शिक्षणासाठी १९५८ साली हैदराबादला केंद्राने एक संस्था काढली आणि २००७ साली तिचे विद्यापीठ झाले. पण हैदराबाद लांब, आणि आम्हाला मुलगी रोज संध्याकाळी घरी यायला हवी होती.

आता क्रेडिटांचे. २०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि आपल्या पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ते २०२४ च्या जूनपासून लागू झाले. क्रेडिट म्हणजे नुसते माप आहे, पायली-शेरासारखे. वर्गात बसून पंधरा तास शिकले की एक क्रेडिट. प्रत्यक्ष हाताने करायचे काम असेल तर तीस तासांना एक. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, चौथे वर्ष केले तर १६० ते १७६. मोठा वाटा मुख्य विषयाचा. दुय्यम विषयाला, ज्याला मुली मायनर म्हणतात, जेमतेम १८ ते २०. बाकीचे खुले विषय, कौशल्याचे विषय, समाजकार्य, क्षेत्रप्रकल्प, कामाचा अनुभव असे सुटे सुटे डबे असतात. मी सातवीच्या गणिताने हिशेब केला : वीस गुणिले पंधरा, तीनशे तास. नवी सून रोज दोन तास चुलीपुढे उभी राहिली तर तीनशे तास पाच महिन्यांत होतात. पाच महिन्यांत पोळी गोल व्हायला लागते, पण सणाचा स्वयंपाक तिच्यावर टाकून कुणी देवळात जात नाही.

त्यातून अडचण अशी, की तिच्या कॉलेजात 'इंग्रजीचे अध्यापन' असा तयार दुय्यम विषयच नव्हता. इंग्रजी होता, त्यात कथा, कविता, थोडेसे व्याकरण. म्हणजे जो पदार्थ करायचा तो यादीत नाही, सामान मात्र निरनिराळ्या डब्यांत पडलेले. ते काढून आपणच जुळवायचे. ही जुळवाजुळव म्हणजेच आमच्या घरातले महाभारत.

पहिल्या वर्षी तिने मराठी, इंग्रजी आणि इतिहास घेतले होते. २०२५ च्या जूनमध्ये त्यांतला एक मुख्य आणि एक दुय्यम ठरवायची वेळ आली. ती म्हणाली, "मुख्य मराठी, दुय्यम इंग्रजी." यजमान जेवता जेवता थांबले. म्हणाले, "विहीर खणायची एका शेतात आणि मोटार बसवायची दुसऱ्या शेतात, असे झाले हे. इंग्रजी शिकवायचे तर मुख्य इंग्रजीच घे." शेजारच्या वहिनींचेही तेच मत पडले, आणि खरे सांगायचे तर माझेही. मराठीला काय, ती तर घरात आहेच.

माझे मत कसे फिरले ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माझ्या सासऱ्यांना, १९५५ च्या सुमारास, इंग्रजी आठवीत सुरू झाले. बाळासाहेब खेरांच्या राजवटीत मुंबई राज्याने ते तसे ठरवले होते. मला ते पाचवीत आले. २००० सालच्या जूनपासून मराठी शाळेत पहिलीलाच इंग्रजी आले, त्या वेळी रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते; आमच्या मुलीला ते पहिलीत मिळाले. तीन पिढ्या, आणि दर पिढीला अलीकडे अलीकडे. पण शिकवणे अलीकडे आले म्हणून समजणे अलीकडे आले असे मात्र नाही. मी पाचवीत असताना फळ्यावर एक वाक्य होते आणि त्यात 'द' होता. मी उभी राहून विचारले, "गुरुजी, द म्हणजे काय?" सारा वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "द ला अर्थ नसतो. पाठ कर." माणूस वाईट नव्हता, त्यांनाही कुणी सांगितले नसेल. पण त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला मी तोंड उघडले नाही. आठवीची शाळा शेजारच्या गावी होती. भावाला सायकल मिळाली, मला मिळाली नाही. त्याचे मी फार रडलेही नाही, कारण इंग्रजी सुटली ह्याचेच मला बरे वाटले होते. ही गोष्ट मी मुलीजवळ गेल्या वर्षापर्यंत बोलले नव्हते.

बोलले ती भांडणाच्या भरात. "तुझ्या इंग्रजीत अर्थ नसलेले शब्द असतात, त्याला तुझी मराठी काय करणार?" असे मी म्हणाले. ती हसली नाही. म्हणाली, "आई, तू धाकट्याला गोष्ट सांगतेस तेव्हा काय म्हणतेस? एका गावात एक म्हातारी होती. पुढे? ती म्हातारी लेकीकडे निघाली. पहिल्यांदा एक, ओळख झाली की ती. ओळख झालेल्या म्हातारीला इंग्रज द लावतो. आपल्याला दर वेळी लावावे लागत नाही, त्याला लावावेच लागते, एवढाच फरक."

बायांनो, तीस वर्षांनी मला द समजला, आणि तो मराठीतून समजला. त्या रात्री भांडी घासताना माझ्या डोळ्यांना पाणी आले. द चे नव्हे, त्या हसलेल्या वर्गाचे.

मग ती एकेक दाखवू लागली. आपण 'टेबलावर' म्हणतो, 'वर' मागून येतो. इंग्रज 'ऑन' आधी म्हणतो आणि टेबल मागून. आपले क्रियापद सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवायला बसणाऱ्या घरच्या बाईसारखे वाक्याच्या शेवटी येते; त्यांचे कर्त्याच्या पाठीला लागूनच बसते. आपल्याकडे 'मला भूक लागते', म्हणजे भूक येऊन मला लागते; त्यांच्याकडे माणूसच भुकेला असतो. त्यांचे व्ही आणि डब्ल्यू आपल्याला एकच 'व'. आपण टेबलाला 'ते', खुर्चीला 'ती' आणि पंख्याला 'तो' म्हणतो. त्यांच्याकडे तिघांना मिळून 'इट'. काही ठिकाणी तर आपणच श्रीमंत आहोत. 'जाऊ' मधला ज आणि 'जीव' मधला ज आपण लिहितो एकच, उच्चारतो निराळे. म्हणून इंग्रजी झेड आपल्या पोरांच्या जिभेला जड जात नाही. जो शिक्षक मराठी बारकाईने शिकलेला नाही त्याला पोर चुकले एवढेच दिसते, ते कुठल्या वळणावर घसरले हे दिसत नाही. कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या कित्येक मुलांच्या घरी बंजारा बोली असते. त्यांना आपली मराठीसुद्धा परकीच, म्हणजे इंग्रजी त्यांची तिसरी. हे मुलीने सांगेपर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते.

मुख्य मराठी ठरले. यजमान तीन दिवस अबोल होते.

नंतर आम्ही दोघी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अभ्यासक्रम मांडायला बसलो. तिला काय काय लागणार ते आधी लिहिले : भाषेचे ध्वनी आणि रचना, दोन्ही भाषांची तुलना, माणूस दुसरी भाषा कशी शिकतो त्याचे शास्त्र, धडा आणि वर्ग कसा आखायचा, परीक्षा कशी घ्यायची, आणि प्रत्यक्ष शिकवणे. मग एकेकासमोर डबा लिहायचा. ध्वनी आणि रचना थोडी मराठीच्या भाषाविज्ञानात सापडली, थोडी दुय्यम इंग्रजीत. शिकण्याचे शास्त्र खुल्या विषयात मानसशास्त्र घेऊन जमवले. धडा आखणे आणि परीक्षा घेणे कॉलेजात कुठेच नव्हते, त्यासाठी केंद्र सरकारच्या 'स्वयम्' ह्या संगणकावरच्या वर्गांत शोधायचे ठरले. एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत विषय तिथून घ्यायला मुभा आहे. मात्र आपल्या कॉलेजने तो विषय मान्य करावा लागतो, तेव्हा पैसे आणि वेळ घालण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. मिळवलेले क्रेडिट सरकारच्या क्रेडिट बँकेत जमा होतात. आपल्या बचत गटाच्या पासबुकासारखे तेही अधूनमधून उघडून पाहावे, नोंद राहून गेली तर आपल्यालाच धावावे लागते.

कागद भरत आला तेव्हा मी विचारले, "ह्यात तू शिकवतेस कधी?" ती म्हणाली, "तिसऱ्या वर्षी, जमले तर." म्हणजे दोन वर्षे पोहण्याचे पुस्तक वाचायचे आणि पाण्यात तिसऱ्या वर्षी! मी पेन्सिल ठेवून दिली. त्याच सुमारास मोबाइलवर एक जाहिरात आली होती, घरबसल्या काही दिवसांत इंग्रजी शिक्षकाचे प्रमाणपत्र, जगात कुठेही चालेल. यजमान पैसे भरायला निघाले होते. मुलीने केंब्रिजच्या 'सेल्टा' ह्या प्रमाणपत्राची माहिती काढून दाखवली. जगभर मान असलेल्या त्या वर्गात १२० तासांचे शिक्षण असते आणि खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास परीक्षकाच्या देखत शिकवावे लागते. जाहिरातीत विद्यार्थ्याचे नाव नव्हते. पैसे वाचले. पण तेव्हा मुलीला स्वतःच्या कागदातलीही तीच उणीव दिसली.

आता जी गोष्ट सांगते ती सांगायला मला लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. श्रावणात सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या. बरोबर इंग्रजीत छापलेला कागद होता. रक्तदाबाच्या गोळीपुढे 'हाफ' लिहिले होते. गोळीचे नाव मी अक्षरे जुळवून वाचले, रात्रीचे चित्र ओळखले, पण तो 'हाफ' माझ्या नजरेतून निसटला, कारण त्यातला एल उच्चारात नसतो आणि मी तो 'हल्फ' वाचून काहीतरी डॉक्टरी शब्द असेल म्हणून सोडून दिला. चार दिवस मी पुरी गोळी देत होते. पाचव्या दिवशी सासूबाई चक्कर येऊन ओट्यावर पडल्या. हाड मोडले नाही, मनगट मुरगळले. औषधाच्या दुकानात गेले तेव्हा तिथल्या मुलाने कागद पाहून म्हटले, "काकू, अर्धी द्यायची होती." मुलगी त्या आठवड्यात कॉलेजच्या शिबिराला गेली होती आणि यजमानांना विचारावे एवढे मला सुचले नाही. कुणी म्हणेल, मोबाइलने कागदाचा फोटो काढला की मराठी होते. होते खरे, पण शंका आली तर फोटो काढणार. मला शंकाच आली नाही.

मुलगी परत आल्यावर मी म्हटले, "आधी मला शिकव. मीच तुझी शाळा."

पहिला आठवडा वाईट गेला. तिने कुठेतरी वाचले होते की वर्गात इंग्रजीच बोलावे. ती घरात इंग्रजीत बोले, मी हातातले काम सोडून उभी राही, आणि माझ्या पोटात पाचवीचा तो तास पुन्हा उभा राही. चौथ्या दिवशी मी वही मिटली आणि आठ दिवस उघडली नाही. तीही रुसली. मग एके दिवशी तिने मला बंगळूरची हकीकत सांगितली. तिथे आणि मद्रासकडे १९७९ ते १९८४ ह्या काळात एन. एस. प्रभू ह्यांनी साध्या शाळांतल्या मुलांवर एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामे दिली : हे गाडीचे वेळापत्रक, ह्यातून अमक्या वेळी पोहोचायला कोणती गाडी धरशील, हा नकाशा, ह्यावरून रस्ता सांग. मूल उत्तर शोधण्यात गुंतले की भाषा मागोमाग येते, असे त्यांचे म्हणणे. मुलगी म्हणाली, "आई, तुझे काम कोणते, ते मी विचारलेच नाही."

मी उठले आणि औषधांचा डबा तिच्यापुढे ठेवला.

त्या डब्यावर आम्ही दीड महिना काढला. जेवणाआधी, जेवणानंतर, अर्धी, रोज एक, हलवून घ्या, मुलांपासून दूर ठेवा, मुदत कधी संपते. तिने वहीत दोन रकाने केले, एकात मी कुठे अडले ते, दुसऱ्यात का अडले ते. दुसरा रकाना भरायला तिला मराठीचे पुस्तक काढावे लागे. अर्धा घोटाळा न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांचा होता. आपली देवनागरी जवळजवळ लिहिले तसे वाचते, म्हणून आपल्याला मुके अक्षर खरे वाटत नाही. बाकीचा घोटाळा भीतीचा.

पुढचे आपल्याला ठाऊकच आहे. आश्विनात आपल्या मंडळाच्या खोलीत बुधवारी दुपारी वर्ग सुरू झाला. अकरा जणी आल्या, दोघी पहिल्या दिवसानंतर फिरकल्या नाहीत, नऊ टिकल्या. कुणाला बँकेचा संदेश वाचायचा होता, कुणाला नातवाच्या शाळेची वही, आणि ज्यांची शिर्डीत खोल्या भाड्याने द्यायची व्यवस्था आहे त्या बाईंना पाहुण्यांशी चार वाक्ये बोलायची होती. देशभरचे लोक येतात, त्यांतल्या कितीकांना हिंदीही येत नाही. मुलीने कॉलेजात अर्ज केला की हा वर्ग समाजकार्याच्या क्रेडिटांत धरावा. त्या प्राध्यापिकाबाईंना आधी वाटले, शाळेत शिकवले तरच ते शिकवणे. मग त्या एका बुधवारी स्वतः येऊन मागच्या सतरंजीवर बसल्या, आणि जाताना नोंदवही मागून घेतली. दोन क्रेडिट म्हणजे साठ तासांचे काम; त्यातले निम्म्याहून अधिक ह्याच खोलीत झाले आहे. क्षेत्रप्रकल्पासाठी ती माझी ती दोन रकान्यांची वही वापरणार आहे. माझ्या चुका कॉलेजात जाणार म्हणून मी आधी कुरकुर केली, पण नाव न घालण्याच्या अटीवर दिली.

यजमानांचा प्रश्न मात्र व्यवहाराचा होता आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणाले, "हे सगळे झाले की शाळेत नोकरी लागेल ना?" नाही लागत. दुय्यम विषयाने कुणी शाळेतली शिक्षिका होत नाही. पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड., मग शिक्षक पात्रता परीक्षा, आणि भरतीसाठी अभियोग्यता चाचणी. बी.एड.ला इंग्रजीची अध्यापनपद्धती हवी असेल तर पदवीला इंग्रजी किती लागते ते प्रवेशाच्या नियमपुस्तिकेत आताच पाहून ठेवावे, शेवटच्या वर्षी नव्हे. आम्हीही हे मुख्य विषय ठरवण्यापूर्वी पाहायला हवे होते. पाहिले ते नंतर, आणि त्या रात्री कुणाला नीट झोप लागली नाही. तिच्यापुढे अजून चौथ्या वर्षाचाही प्रश्न आहे. ती राहावे म्हणते, हे बी.एड. म्हणतात. धाकट्याची बारावी त्याच वर्षी आहे आणि दोघांची फी एकदम निघायची नाही. ह्या बाबतीत मी अजून कुणाच्या बाजूला नाही.

तिसऱ्या वर्षाचा फॉर्म येईल तेव्हा कॅलेंडरची पाठ पुन्हा काढू. तिथे कामाच्या अनुभवासमोरचा रकाना रिकामा आहे. तिला तो ऊसतोडीच्या मुलांच्या शाळेत घ्यायचा आहे, पण ती मुले दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळ्यात जातात; कॉलेजचे सत्र त्यांच्या हंगामाशी जुळते का ते पाहायचे आहे. आपल्यापैकी कुणाची कारखान्याच्या बाजूला ओळख असेल तर सांगावे.

येत्या बुधवारी वर्ग नेहमीच्याच वेळी, तीन वाजता आहे. आपापल्या घरातल्या औषधांचे कागद आणावेत, आणि चष्मा विसरू नये. सासूबाईही येणार आहेत. त्या म्हणतात, गोळी मला घ्यायची असते, तर हाफ मलाच वाचता आला पाहिजे.